एकाच बल्बवर दोन मीटर, दोन आकडे: रेग्युलेटरमधला ट्रायॅक नेमकं करतो काय?

तारतंत्री_सांगली

आईच्या खोलीतला पंखा दोनवर ठेवला की गुणगुणतो आणि तिला झोप लागत नाही. रविवारी एमसीबी पाडून रेग्युलेटर काढला आणि टेबलावर घेतला. पंख्याच्या जागी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडला, घुंडी साधारण मधोमध आणली आणि बल्बच्या दोन टोकांवर साधा मीटर लावला. आकडा आला ११५ व्होल्ट. पण ११५ व्होल्टच्या मानाने बल्ब चांगलाच उजळ होता. म्हणून ट्रू आरएमएस मीटर लावून बघितला, तर १६३!

दोन्ही मीटर नीट आहेत. मेनवर लावले की दोघंही २३० दाखवतात.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवतो. दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, घुंडी फिरवल्यावर ट्रायॅक (रेग्युलेटरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) व्होल्टेज किती कमी करतो?" हा प्रश्न मुळातच चुकलेला आहे, आणि का चुकलेला आहे ते या दोन आकड्यांत दिसतं. म्हणून हा धागा.

घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. म्हणजे अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं. त्यात दाब शून्यावरून ३२५ व्होल्टच्या शिखरावर चढतो आणि परत शून्यावर उतरतो, मग उलट दिशेने तेच. ट्रायॅक यातलं जवळजवळ काहीच गिळत नाही. अर्धं आवर्तन सुरू झालं की तो आधी नुसता बंद बसतो. घुंडी मधोमध असेल तर ५ मिलिसेकंद बंद, मग गेटवर, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायावर, एक छोटा धक्का मिळतो, तो चालू होतो आणि उरलेले ५ मिलिसेकंद जसेच्या तसे बल्बकडे जातात. शिखराचे ३२५ व्होल्टसुद्धा पूर्ण पोचतात. साधा मीटर सरासरी मोजतो. सरासरी निम्मी झाली, म्हणून त्याने ११५ दाखवले. ट्रू आरएमएस मीटर तारेत किती उष्णता होईल त्या हिशेबाने मोजतो. उष्णता निम्मी म्हणजे २३० भागिले २ चं वर्गमूळ, १६३. साधा मीटर शुद्ध साइन लाटेसाठीच बनवलेला आहे. कापलेल्या लाटेवर त्याचा आकडा धरून चालणार नाही.

चालू झालेला ट्रायॅक गेटवरून बंद करता येत नाही, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आमच्या भागात कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. अशी चारीची झडप समजा, जी तुम्ही वाटेल तेव्हा उघडू शकता, पण एकदा उघडली की कालव्यातलं पाणी पूर्ण ओसरल्याशिवाय मिटत नाही. वीज दर १० मिलिसेकंदांनी आपणहून ओसरते, म्हणून झडप सेकंदाला १०० वेळा मिटते आणि आपण ती १०० वेळा पुन्हा उघडतो. डीसीवर हीच झडप एकदा उघडली की उघडीच राहील.

असं का होतं? आत सिलिकॉनचे पी-एन-पी-एन असे चार थर असतात. ते एकमेकांत गुंतलेल्या दोन ट्रान्झिस्टरसारखे वागतात. पहिला चालू झाला की दुसऱ्याला प्रवाह देतो, दुसरा पहिल्याला. एकदा ही देवाणघेवाण सुरू झाली की गेटची गरज संपते. एका दिशेने चालणारा तो एससीआर म्हणजे थायरिस्टर. १९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये गॉर्डन हॉल यांच्या गटाने तो करून दाखवला आणि फ्रँक गट्झविलर यांनी तो बाजारात आणला. दोन्ही दिशांनी चालणारा ट्रायॅक त्याच कंपनीतून १९६०च्या दशकात आला.

माझ्या टेबलावरच्या रेग्युलेटरमध्ये बीटी१३६ नावाचा तीन पायांचा ट्रायॅक आहे. त्याच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा निळसर डीबी३ डायॅक, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि घुंडीचा पॉट, म्हणजे बदलता रेझिस्टर. घुंडी फिरवून आपण त्या कपॅसिटरचं भरणं हळू किंवा जलद करतो. तो साधारण ३२ व्होल्टला पोचला की डायॅक 'फुटतो', म्हणजे एकदम चालू होतो, साठलेला चार्ज गेटमध्ये शिरतो आणि ट्रायॅक उघडतो. घुंडी वेळ बदलते, बाकी काही नाही.

गुणगुण त्यातूनच येते. पंख्याची मोटर गुळगुळीत साइन लाटेसाठी गुंडाळलेली असते. तिला सेकंदाला १०० वेळा असा कापलेला दाब मिळाला की प्रवाहात १५०, २५० हर्ट्झचे घटक येतात. वाइंडिंग आणि पत्र्याच्या चकत्या त्या तालावर थरथरतात. दिवसा हे कानावर येत नाही. रात्री खोली शांत झाली की येतं.

तुमच्याकडे काय अनुभव आहे ते लिहा. मुलांना दाखवायला खरी उदाहरणं हवी आहेत.

मृदुला_ज

सर, छान लिहिलंत. माझ्या दोन शंका आहेत. देवघरात पूर्वीपासून डिमर आहे. त्यावर आधी ६० वॅटचा बल्ब होता, आता ९ वॅटचा एलईडी लावला. तो मंद केला की लुकलुकतो, खूप मंद केला की भगभगतो आणि विझतो. दुकानदार म्हणाला बल्ब खराब आहे. दुसरा लावला, तोही तसाच.

दुसरं म्हणजे जुना बल्ब होता तेव्हाही घुंडी बरीच फिरवल्याशिवाय तो लागायचा नाही, मग एकदम उजळायचा. नंतर मागे फिरवला की सुरुवातीपेक्षाही मंद करता यायचा. हे का?

तारतंत्री_सांगली

मृदुलाताई, बल्ब खराब नाही. ट्रायॅक उघडा राहायला त्यातून एक किमान प्रवाह सतत वाहावा लागतो, त्याला होल्डिंग करंट म्हणतात. तारेचा बल्ब पूर्ण अर्ध्या आवर्तनभर प्रवाह घेतो. एलईडी बल्बच्या आत डायोडचा ब्रिज आणि कपॅसिटर असतो. तो शिखराजवळ थोडा वेळ घोट घेतो आणि थांबतो. प्रवाह थांबला की ट्रायॅक मध्येच मिटतो, बल्बमधलं ड्रायव्हर पुन्हा सुरू व्हायला बघतं, पुन्हा मिटतं. म्हणून भगभग. डिमरवर किमान किती वॅटचा भार हवा ते छापलेलं असतं, ९ वॅट त्याच्या खूप खाली येतो. 'डिमेबल' लिहिलेला एलईडी आणि एलईडीसाठीचा डिमर, दोन्ही जुळवून घ्या. नुसता एक बदलून भागत नाही.

दुसरी शंका फार नेमकी आहे. ट्रायॅक लागत नाही तोवर कपॅसिटरवर मागच्या अर्ध्या आवर्तनाचा उलटा चार्ज शिल्लक राहतो. पुढच्या फेरीत आधी तो पुसायचा आणि मग उलट बाजूने ३२ व्होल्ट गाठायचे. डायॅक एकदा फुटला की चार्जचा मोठा भाग गेटमध्ये निघून जातो, पुढच्या फेरीला पुसायला कमी उरतं आणि डायॅक लवकर फुटतो. म्हणून एकदम उजेड. मग मागे फिरवायला जागा मिळते. चांगल्या डिमरमध्ये रेझिस्टर-कपॅसिटरची आणखी एक जोडी लावून हा धक्का कमी करतात.

वायंडर_अण्णा

माझं इचलकरंजीला वायंडिंगचं दुकान आहे. रेग्युलेटरला दोष देण्याआधी पंख्याचा कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) तपासा. अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर उतरून दीडवर आला की पंखा हळू फिरतो, गरम होतो, गुणगुणतोही. आमच्याकडे येणाऱ्या गुणगुणणाऱ्या पंख्यांत निम्म्यांना फक्त कंडेन्सर लागतो. बेअरिंग कोरडं असेल तर आवाज वेगळा, घासल्यासारखा.

आणि एक कळकळीचं. रेग्युलेटर शून्यावर आहे म्हणून पंख्याच्या तारेला हात लावू नका. बटण बंद करा, एमसीबी पाडा, टेस्टर लावून बघा, मग शिडीवर चढा. माझा एक पोरगा रेग्युलेटर बंद बघून वर चढला होता, झटका बसून खाली आला. नशिबाने खाली गादी होती.

तारतंत्री_सांगली

अण्णा, कंडेन्सर मोजला. २.४ आला, म्हणजे ठीक आहे. पण सल्ला सगळ्यांनी लक्षात ठेवावा असाच आहे.

तुमच्या पोराला झटका का बसला ते सांगतो. ट्रायॅक बंद असला तरी त्याच्या दोन टोकांवर बरेचदा ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि १०० ओहम रेझिस्टरची जोडी असते, तिला स्नबर म्हणतात. ५० हर्ट्झला तो कपॅसिटर साधारण ३२ किलोओहम पडतो. म्हणजे ट्रायॅक बंद असतानाही ७ मिलिअँपिअर वाहू शकतात. एवढ्यात टेस्टर पेटतो, लहान एलईडी रात्री मिणमिणतो आणि माणूस शिडीवरून पडू शकतो.

स्नबर काढूनही चालत नाही. पंख्याच्या मोटरमध्ये प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. ट्रायॅक प्रवाह शून्य झाल्यावर मिटतो, पण तेव्हा दाब शून्य नसतो. मिटल्या क्षणी त्याच्यावर एकदम मोठा दाब येऊन आदळतो. दाब फार वेगाने चढला तर गेटला कोणी हात न लावताही ट्रायॅक पुन्हा उघडतो. मग घुंडी कुठेही असो, पंखा पूर्ण वेगाने फिरतो. स्नबर तो चढ हळू करतो.

प्रकाश_डिप्लोमा

सर, मी तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मोबाइलवरून चालणारा पंखा करतोय. आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड), एमओसी३०४१ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने ट्रायॅकला चालू करणारा भाग) आणि बीटी१३६. वेळ कितीही बदलली तरी पंखा एकतर पूर्ण चालू होतो नाहीतर बंद. तीन दिवस कोड तपासतोय.

भोसरीकर

कोड बरोबर असणार, ऑप्टो चुकलाय. ३०४१च्या आत शून्य ओळखणारं सर्किट आहे. दाब शून्याजवळ असेल तरच तो ट्रायॅकला उघडू देतो. तू ५ मिलिसेकंदांनी पल्स दिलीस, तेव्हा दाब शिखरावर होता, तो नाही म्हणाला. पल्स लांबली आणि पुढच्या शून्यापर्यंत पोचली तर तिथून अख्खं अर्धं आवर्तन सोडतो. तुला एमओसी३०२१ हवा, तो कुठेही उघडतो. पाय तसेच आहेत, फक्त एलईडीला किती प्रवाह लागतो ते डेटाशीटमध्ये बघ. शून्य ओळखण्याचा सिग्नल वेगळा घे आणि उशीर १ ते ९ मिलिसेकंदांच्या आत ठेव.

ऑसिलोस्कोपची काळी क्लिप मेनच्या सर्किटला लावू नकोस. ती अर्थला जोडलेली असते, फेजवर लागली की थेट शॉर्ट. कॉलेजमध्ये डिफरेन्शियल प्रोब असेल तर मागून घे.

३०४१ वाईट नाही, त्याची जागा वेगळी. माझं काम हीटरवर चालतं. तिथे लाट कापायची गरजच नसते. सेकंदातली ५० आवर्तनं, त्यातली ३० पूर्ण सोडायची, २० पूर्ण अडवायची, झाले ६० टक्के. ओव्हनला कळतही नाही, कारण त्याचं लोखंड तापायला-निवायला मिनिटं लागतात. कापाकापी शून्यावरच होते म्हणून रेडिओत खरखर नाही, प्रवाहाचे धक्के नाहीत. हेच बल्बवर केलं तर डोळे दुखतील.

याच कामात एक प्रसंग घडला, तो इथे लिहायलाच हवा. मी पूर्वी एका वर्कशॉपमध्ये होतो. प्लास्टिकचे दाणे सुकवायच्या ओव्हनवर ४० अँपिअरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) होता, आत थायरिस्टरच. भार २५ अँपिअर. 'चाळीसचा आहे, पंचवीसला काय होतंय' म्हणून कोणी तरी तो पत्र्याच्या पॅनेलवर नुसता स्क्रूने आवळला होता. हीटसिंक नाही, पेस्ट नाही. चालू थायरिस्टरवर सव्वा-दीड व्होल्ट पडतातच. २५ अँपिअरला ते ३० वॅटच्या वर जातात, म्हणजे त्या काडेपेटीएवढ्या डब्यात एक छोटी सोल्डरिंग आयर्न सतत चालू. शनिवारी रात्री तो गेला.

गेला म्हणजे बंद पडला नाही, शॉर्ट झाला. थायरिस्टर आणि ट्रायॅक बहुतेक वेळा असेच मरतात, चालू अवस्थेत. कंट्रोलर बंद म्हणून सांगत होता आणि हीटर पेटलेलाच. सोमवारी सकाळी शटर उघडलं तर आत धूर, दाण्यांचा एक काळा गोळा झालेला, छताची वायर वितळलेली. माणूस कोणी नव्हता हीच कृपा.

तेव्हापासून मी जिथे हीटर लावतो तिथे एसएसआरच्या आधी कॉन्टॅक्टर (मोठा चुंबकी स्विच) लावतो. त्याला वेगळ्या सेन्सरचा, हाताने रीसेट करायचा ओव्हर-टेम्परेचर थर्मोस्टॅट असतो. गिऱ्हाईक म्हणतं हजार-दोन हजार वाढतात. मी त्याशिवाय पॅनेल सहीच करत नाही.

प्रकाश_डिप्लोमा

३०२१ लावला. चालला! खूप आभार दादा. प्रोब उद्या सरांकडे मागतो.

विंगेतला_उजेड

मी नाटकांची प्रकाशयोजना सांभाळतो, म्हणून या धाग्यावर लिहावंसं वाटलं. आमच्या आधीच्या पिढीने मिठाच्या पाण्याचे डिमर वापरलेत, पत्रा पाण्यात खाली-वर करून उजेड कमी-जास्त. थायरिस्टर डिमर आले आणि दौऱ्यावर न्यायचं वजन एकदम उतरलं.

पण तुमची ती गुणगुण आमच्याकडेही आहे. १००० वॅटचा दिवा निम्म्यावर ठेवला की त्याची तार गाते. हळव्या प्रसंगात, नटाने आवाज खाली आणलेला असताना, वरून तो किणकिणता सूर येतो आणि पहिल्या रांगेला ऐकू जातो. चांगल्या डिमरमध्ये प्रत्येक चॅनलला जाडजूड चोक (तारेचं वेटोळं) असतो. थायरिस्टर उघडताना प्रवाह एकदम उडी मारतो, चोक त्या उडीचा उतार करतो. डिमरच्या पेटीचं उरलेलं वजन बहुतेक या चोकांचंच.

माझा प्रश्न वेगळा आहे. एका नाट्यगृहात तीन फेजवर डिमर समान वाटून लावले होते. रात्रीचा प्रवेश म्हणून सगळे दिवे मंद. मध्यंतरात मेन बोर्डजवळ जळका वास आला. बघतो तर न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाचा जोड) काळा पडलेला. फेजच्या तारा कोमट होत्या. दिवे तर मंद होते. मग न्यूट्रल का तापला?

तारतंत्री_सांगली

उजेडदादा, हे उदाहरण मी वर्गात रंगवून शिकवणार आहे.

तीन फेजवर समान भार आणि शुद्ध साइन लाट असेल तर न्यूट्रलमध्ये तिघांचे प्रवाह एकमेकांना पुसतात, शून्य उरतं. हे सगळे शिकतात. आता दिवे इतके मंद करा की ट्रायॅक अर्ध्या आवर्तनाच्या १८० अंशांपैकी १२० अंश थांबून उघडतो. प्रत्येक फेज फक्त शेवटचे ६० अंश वाहते. तीन फेज, दोन्ही दिशा, म्हणजे ६० अंशांचे सहा तुकडे. बेरीज ३६०. हे तुकडे एकमेकांवर येतच नाहीत, एक संपला की दुसरा सुरू. पुसायला समोर कोणी नसतंच! तिघांचा सगळा प्रवाह एकामागून एक न्यूट्रलमधूनच परततो. हिशेब केला तर न्यूट्रलचा प्रवाह एका फेजच्या १.७३ पट येतो.

म्हणून डिमर असलेल्या ठिकाणी न्यूट्रल फेजएवढा तरी हवाच, त्याहून जाड असेल तर उत्तम. जुन्या वायरिंगमध्ये 'न्यूट्रलला काय लागतंय' म्हणून तो बारीक घातलेला असतो. मांडववाल्यांनीही हे बघावं, तिथे तर जोड नुसते पिळून टेप मारलेले असतात.

चंद्रपूरची_लेक

मी पारेषणात काम करते. तुम्ही घुंडीएवढ्या ट्रायॅकबद्दल बोलताय, तीच युक्ती आमच्याकडे डोंगराएवढी आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेची) लाइन आहे, १९९९ पासून. दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॅट. चंद्रपूरला एसीचं डीसी करायचं, पडघ्याला डीसीचं पुन्हा एसी. दोन्हीकडे थायरिस्टरच. एकावर एक मालिकेत रचलेले असतात, त्या रचनेला व्हॉल्व्ह म्हणतात. किती वीज न्यायची हे थायरिस्टर कुठल्या अंशाला उघडायचे त्यावर ठरतं. सरांनी सांगितलेली वेळच.

'स्वतः बंद होत नाही' ही अडचणही तीच. पडघ्याला थायरिस्टर मिटवायचं काम तिथलं एसी ग्रिड करतं, दाब उलटा देऊन. ग्रिडमध्ये जवळपास फॉल्ट होऊन दाब खचला तर पुढचा व्हॉल्व्ह उघडला तरी आधीचा वेळेत मिटतच नाही. त्याला कम्युटेशन फेल्युअर म्हणतात. दुसरी झडप उघडली तरी पहिलीतलं पाणी ओसरलंच नाही, असं.

मृदुला_ज

वाचून अंगावर काटा आला. देवघरातल्या डिमरपासून पडघ्यापर्यंत!

एक छोटं विचारायचं राहिलं. नवीन बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा घेतला तर जुना रेग्युलेटर ठेवायचा का?

वायंडर_अण्णा

काढून टाका, ताई. बीएलडीसी पंख्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं, वेग तो तिथे ठरवतो. त्याला कापलेली वीज दिली की सर्किट जातं. थेट बटणावर घ्या. असे पंखे माझ्याकडे येतात, मोटर चांगली आणि बोर्ड जळलेला.

तारतंत्री_सांगली

आईच्या खोलीत कपॅसिटरचा पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला. त्यात ट्रायॅक नाही, पंख्याच्या सिरीजमध्ये साधारण २ ते ४ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत. घुंडी त्यांच्या जोड्या बदलते. जुन्या रेझिस्टरच्या पेटीसारखं तापत नाही. वेग हवा तसा बारीक ठरवता येत नाही, चार पायऱ्या मिळतात, पण लाट कापली जात नाही.

दोनवर ठेवून पंख्याच्या टोकांवर दोन्ही मीटर लावले. साध्याने १३१ दाखवले, ट्रू आरएमएसने १३२. गुणगुण नाही.